पिवळा पट्टा खाली येणार नाय

माझं माहेर खडकवासल्याकडचं, धरणापासून पायी अर्ध्या तासावर, आन् सासर हे असं कसब्याच्या खाली नदीला लागून, म्हंजे बघा ताई, तिकडं माहेरी दरवाजे उघडले की पाणी इकडं सासरी येऊन दारात उभं राहतं. लग्नात बापानं भांडी दिली, गादी दिली, कपाट दिलं, आन् वर हे पाणी दिलं, ते कुणी बोललंच नाय. नाव माझं शोभा. रंगकाम करते. पुट्टी, प्रायमर, रोलर, सगळं. तुम्ही त्या भिंतीबद्दल इचारायला आलाय ते मला माहीत हाय, पण भिंतीपर्यंत यायला मला जरा लांबून यावं लागंल, मधे तोडू नका, मला कुणी मधे तोडलं की राग येतो.

आमचे मालक रंगारी. मी सुरवातीला त्यांच्या हाताखाली, म्हंजे भिंत घासायची, पाणी भरायचं, शिडी धरायची. आमच्या कामात अशीच रीत, बाईनं घासायचं आन् गड्यानं रंग मारायचा, मजुरांच्या अड्ड्यावर तुम्ही आज बी जाऊन बघा, बाईच्या हातात रोलर दिसणार नाय. मी दोन वर्षं घासलं आन् एक दिवस ह्यांना म्हणलं, मी घासते ती भिंत तुमच्या रंगाची अर्धी मेहनत हाय, मला रोलर द्या नायतर उद्यापासून तुम्ही घासा, मी शिडी धरते. हे हसले. माणूस लई शांत होता माझा. रोलर नाय दिला, दोरी दिली. दोरीला नीळ लावायची, दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची आन् मधे उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उठते. म्हणाले, ज्याला सरळ रेघ मारता येते त्याला सगळं येतं, आधी हे शीक. मी शिकले. आज पुण्यात माझ्याएवढी सरळ रेघ मारणारं माणूस दाखवा मला. हे जाऊन आठ वर्षं झाली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा आणेस्तोवर संपलं. जाऊ द्या. रडायला नाय बसले मी तुमच्यापुढं.

आता वस्तीचं सांगते. आमची वस्ती आन् घाटाकडं उतरणारा रस्ता, ह्यांच्या मधे एक लांब भिंत हाय, सिमेंटची, पुरुषभर उंचीच्या वर. पूर येऊन गेला की आमच्यात एक रीत होती. पाणी उतरलं, घरात घोटाभर गाळ, भांडी तरंगून कुठं गेली पत्ता नाय, तरी खोऱ्याला हात लावायचा नाय, आधी सगळ्यांनी भिंतीशी यायचं. भिंतीवर पाण्याची ओली कड दिसत असायची, त्या कडेवर गोदूमावशी गेरूनं रेघ ओढणार, आन् मंग घरं धुवायला लागायचं. गोदूमावशी म्हंजे वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, धरण फुटलं तेव्हा परकरी पोर होती, नवऱ्याला, दोन दिरांना, पाच पुरांना पुरून उरलेली. रेघेवर साल बिल काय लिहायचं नाय. रेघेला नाव असायचं. एक माझ्या लग्नाची रेघ, कारण मी नवी नवरी आले आन् पंधरा दिवसांत हळदीच्या अंगानं शाळेत जाऊन राह्यले. त्याच्या वर मारुतीच्या टीव्हीची रेघ, मारुतीनं हप्त्यावर रंगीत टीव्ही घेतला होता, तीन दिवस बघितला बिचाऱ्यानं. आन् सगळ्यात वर सुनंदाच्या पोराची रेघ, ते पोर त्या पुरात टेम्पोत जन्मलं. धरण फुटलं त्या सालाची रेघ नाय, ती ह्या भिंतीत बसतच नाय, भिंत बुटकी पडते.

तुम्ही म्हणाल रेघांचं काय एवढं. पंचनाम्याला माणूस यायचा तोवर आमची घरं धुऊन झालेली असायची, गाळात किती दिवस बसणार, आन् तो चपला घालून चकचकीत फरशीवर उभा राहून इचारायचा, कुठं आलं होतं पाणी. मंग आम्ही त्याला भिंतीशी नेऊन रेघेवर बोट ठेवायचो. इथं आलं होतं. तो लिहून घ्यायचा. ती रेघ होती म्हणून आम्ही खोटे पडत नव्हतो, एवढं साधं हाय.

आन् त्या रेघा मी पुसल्या. दुसऱ्या कुणी नाय. मी, ह्या हातानं.

झालं असं की त्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं ठरलं. रस्त्याच्या पलीकडं उंच बिल्डिंग उठत होती, नदी दिसणारे फ्लॅट, तर त्या बिल्डिंगवाल्यांनीच रंगाचा खर्च उचलला, समोर वस्तीची काळी भिंत दिसायला बरी दिसत नाय म्हणून. ठेकेदारानं मला बोलावलं, शोभाबाई तुमच्याच दारातलं काम, भिंत तयार करून द्या. मला बरं वाटलं. दारात काम, दुपारी घरी जेवायचं. मी कामाला लागले की मला आजूबाजूचं भान राहत नाय. गेरूवर प्रायमर धरत नाय, पापुद्रा सुटतो, म्हणून गेरू दिसला की खरवडायचा, ही हाताची सवय. मला दिसल्या होत्या रेघा, खोटं कशाला बोलू. मनात आलं, आता खरवडू, काम झालं की परत मारू. रंगारी माणसाला असंच वाटतं, सगळं परत मारता येतं. पण मारायची कुठं, हे मोजून ठेवायचं डोक्यात नाय आलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती मापून दिल्या आन् आपल्या भिंतीचं माप घेतलं नाय. संध्याकाळी हात धुतले आन् मागं सरून बघितलं तर भिंत अशी पांढरी शुभ्र, रेघ कुठं होती ते माझं मला सांगता येईना.

गोदूमावशी आली, भिंतीवरून हात फिरवला आन् म्हणाली, छान गुळगुळीत केलंस हो. बास, एवढंच. त्या दिवसापासून वस्तीत माझ्याशी कुणी बोलंना. नळावर गेले की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या, मी शेवटच्याला नंबर लावायची. सुनंदाचं पोर, आता बापई झालंय ते, मला बघून म्हणालं, काकी, आता माझा वाढदिवस कुठं बघायचा. चेष्टेत म्हणालं, पण मी घरात येऊन दार लावून घेतलं.

तेवढ्यात ती चित्रवाली मुलगी आली. मिताली नाव. चित्रकलेचं कॉलेज नुकतंच झालेलं, बारीक, केस कापलेले, डोक्याला पेन्सिल खोचलेली. मी म्हणलं आता मोर येणार, कमळ येणार, नायतर बोटीत बसलेला कोळी, आमच्या मुठेत बोट कुणी बघितलीय का कधी, पण भिंतीवर असते. हिनं कागद उलगडला तर त्यात काहीच नाय. नुसते पट्टे आन् तुकडे, निळे, हिरवे, मातकट, एकमेकांत घुसलेले. मी म्हणलं हे काय हाय. म्हणाली, नदीच आहे मावशी, पण अमूर्त. मी म्हणलं म्हंजे. ती म्हणाली, म्हणजे नदीचं चित्र नाही काढायचं, नदीकाठी बसल्यावर जे जाणवतं ते काढायचं, मी इथे घाटावर पंधरा दिवस बसून हे केलंय. मी म्हणलं, पोरी, पंधरा दिवस बसलीस, पण कुठल्या महिन्यात. ती म्हणाली, फेब्रुवारीत. मी म्हणलं, फेब्रुवारीत नदी झोपलेली असते, तिला काय जाणवणार आन् तुला काय. तिला राग नाय आला. बाजूला बसली आन् म्हणाली, मग सांगा ना, तुम्हाला काय जाणवतं. आन् ताई, वस्तीत महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं, मी त्या पोरीपुढं सगळं ओकले. रेघा, मारुतीचा टीव्ही, टेम्पोतलं बाळंतपण, मी काय करून बसले ते सगळं. तिनं कागद परत पुढं ओढला आन् म्हणाली, मावशी, माझे पट्टे तसेही कुठेही आहेत, मला ते कुठे असावेत तेच कळत नव्हतं. त्या रेघा कुठे होत्या ते परत मिळेल का.

त्याच क्षणाला मला सुचलं. खिळे.

आमच्या प्रत्येक घरात एक खिळा असतो. त्याला प्लास्टिकच्या पिशवीत कागदं टांगलेली, रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले, घराची पावती. पूर आला की माणूस निघताना दुसरं काय घेतो, ती पिशवी घेतो. आन् पुराचं पाणी मागच्या खिळ्याच्या वर गेलं की नवा खिळा, नव्या पाण्याच्या वर एक वीत सोडून. जुना कुणी उपटत नाय, भिंतीला भोक पडतं म्हणून. म्हंजे प्रत्येक घरात वरवर चढत गेलेले खिळे हाईत. पण ते घराघरांत. आन् माझ्यासाठी दारं बंद.

मंग मी काय केलं, रविवारी सकाळी, सगळे घरी असतात तेव्हा, गल्लीच्या मधोमध उभी राहिले आन् ओरडून म्हणलं, ऐका रे, मी चुकले, माझ्या हातून झालं, मी नाक घासायला तयार हाय, पण मला तुमच्या घरातले खिळे बघू द्या. कुणी बाहेर आलं नाय. पत्र्यावर मांजर होती, ती पण उठून गेली. मी परत ओरडले. तिसऱ्यांदा ओरडणार तेवढ्यात गोदूमावशीचं दार उघडलं. म्हणाली, चुकले चुकले काय करतेस, मला काय तुझी चूक चाटायचीय, तुझ्याकडं ती पाण्याची पाईप हाय ना, ती आण.

पाण्याची पाईप म्हंजे लेव्हल पाईप, गवंड्यांकडं असते बघा, पारदर्शक, आत पाणी भरायचं, एक टोक इथं धरायचं, दुसरं पन्नास फुटांवर धरायचं, दोन्हीकडं पाणी एका उंचीला थांबतं. घरांची जमीन कुठं वर, कुठं खाली, फुटपट्टी चालत नाय, पाईपच पायजे. एक टोक मी खिळ्याशी धरायची, दुसरं टोक बाहेर भिंतीशी मिताली. पाणी हलायचं थांबलं की मी ओरडायची, थांबलं, आन् ती खूण करायची. पहिलं घर गोदूमावशीचं. मंग मारुतीचं. मंग एकेक दार उघडायला लागलं, बाया दारात उभ्या राहून भांडायला लागल्या, हा खिळा टीव्हीच्या पुराचा नाय गं, हा माझ्या नणंदेच्या साखरपुड्याचा, तर दुसरी म्हणणार तुझ्या नणंदेचा साखरपुडा उन्हाळ्यात झाला. महिनाभर गप्प असलेल्या बाया, सगळ्या एकदम बोलत होत्या. मला इतकं बरं वाटलं काय सांगू तुम्हाला.

आता खिळ्याच्या खाली एक वीत म्हंजे पाणी. पण वीत कुणाची. ज्यानं खिळा ठोकला त्याची. मारुती जिवंत हाय, त्यानं हात लावून दाखवला. गोदूमावशीचा तिनंच ठोकलेला. ज्यांचे गेले त्यांच्या मुलांनी हात लावले, म्हणाले बाबांचा हात माझ्याएवढाच होता. माझ्या घरातला ह्यांनी ठोकलेला. आम्हाला एक मुलगी, ती चाकणला दिलीय, तिचा हात माझ्यासारखा, लहान. गोदूमावशी म्हणाली, मंग तुझं घर सोड. मी म्हणलं सोडते कशाला, ह्यांची वीत माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त. मला माहीत हाय. बायकोला नवऱ्याचा हात माहीत नसणार तर कुणाला. मी माझी वीत लावली आन् तिला अजून दोन बोटं जोडली, आन् मितालीनं बाहेर खूण केली ती मारुतीच्या खुणेला टेकली, सुताचा फरक नाय. तेव्हा मात्र माझे डोळे भरले. सगळ्या घरांची मापं दोन-दोन बोटांत जुळली ताई. नशिबानं खोटं पाडलं नाय.

मंग चित्र झालं. मिताली तुकडे आखायची, मी दोरी मारायची. तळाला मातकट, त्यावर हिरवा पट्टा, तो माझ्या लग्नाच्या रेघेवर, मंग जांभळा मारुतीच्या टीव्हीवर, आन् सगळ्यात वर पिवळा, सुनंदाच्या पोराचा. पट्ट्यांच्या मधे तिचे ते तुकडे, पुलाच्या कमानी पाण्यात मोडल्यासारख्या दिसतात ना तसे. रस्ता घाटाकडं उतरता, आन् पट्टे एकदम सरळ, त्यामुळं वरच्या टोकाला पिवळा पट्टा कमरेला लागतो आन् चालत खाली गेलं की तो चढत चढत डोक्याच्या वर जातो. अक्षर एक नाय, आकडा एक नाय. येणारे-जाणारे थांबायचे. एक आजोबा रोज सकाळी फिरायला यायचे, ते म्हणाले, हे पूर्ण झालंय का अजून व्हायचंय. मी म्हणलं झालंय. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत. वस्तीतलं शेंबडं पोर मात्र बोट ठेवून सांगायचं, हा मारुतीकाकाचा टीव्ही.

आन् मंग उद्घाटन. भर दुपारी, मांडव, बिल्डिंगवाल्यांचे एक साहेब आले, पांढरा शर्ट, गॉगल, बोलायला अगदी गोड. अहो शोभाताई, तुम्हीच का, फार सुंदर काम, किती प्रसन्न वाटतंय, आपण सगळे मिळून असंच शहर घडवू वगैरे. फोटो काढायला म्हणून ते खाली घाटाच्या टोकाला गेले, तिथं रंग दाट दिसतात. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पिवळा पट्टा त्यांच्या डोक्याच्या वर हातभर. मी गप्प बसायला पायजे होतं. मिताली मला डोळ्यांनी खुणावत होती. पण मला नाय राहवलं, माझी जीभच तशी. मी म्हणलं, साहेब, हसताय खरं, पण तुम्ही आत्ता बुडालाय. ते हसतच म्हणाले, म्हणजे. मी म्हणलं, त्या पिवळ्यापर्यंत पाणी येतं. इथं. तुम्ही उभे हाय तिथं. खरं माप हाय, घराघरांतून आणलेलं. वस्तीतली माणसं हसली, आन् साहेबांनी गॉगल काढला. त्यांनी वर पट्ट्याकडं बघितलं, मंग रस्त्यापलीकडं त्यांच्या बिल्डिंगीकडं बघितलं. फोटो काढणारा थांबलाच नव्हता, तो फोटो हाय अजून मितालीकडं.

आठ दिवसांनी ठेकेदाराचा निरोप. चित्र छान हाय, फक्त पिवळा आन् जांभळा गुडघ्याखाली आणा, सरळ पट्टे नको, लाटा करा, लोकांना भीती वाटता कामा नये. मी म्हणलं, लोकांना कुठं वाटतेय, ज्यांना फ्लॅट विकायचेत त्यांना वाटतेय. तो म्हणाला, शोभाबाई, वर्षभराचं काम देतो, नदीकाठच्या सगळ्या भिंती तुमच्याकडं. मी म्हणलं, सगळ्या द्या, ही सोडून. तो म्हणाला, मग एकही नाही. मी म्हणलं, मंग नाय. मितालीला त्यांनी वेगळं बोलावलं, तिनं सुरवातीला कुठल्याशा कागदावर सही केली होती की देणगीदार सुचवतील तो बदल मान्य. पोरगी रडत आली, मावशी माझं पहिलंच काम हो, माझं नाव खराब करतील. मी तिला चहा दिला आन् म्हणलं, तू घरी जा, तुझी सही हाय, माझी कुठं हाय. तू नाय म्हणू शकत नाय, पण मी म्हणू शकते. मी इथंच बसणार. आन् मी बसले, घरून पाट आणला आन् पिवळ्याच्या खाली बसले. गोदूमावशी आली, शेजारी बसली. सुपारी कातरत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार गडी घेऊन रफिकभाई आले. आता आली का पंचाईत. रफिकभाई आमच्या मालकांच्या हाताखाली तयार झालेले, मयतीला पहिला खांदा त्यांचा. म्हणाले, भाभी, मला काल रात्री सांगितलं, कुठली भिंत ते सांगितलं नाही. मी म्हणलं, भाईजान, मी तुम्हाला अडवणार नाय, तुमच्या पोटावर पाय देणार नाय, पट्टा खाली आणायचा ना, आणा. फक्त किती खाली ते तुमच्या सुपरवायझरला इचारा, आन् दोरी मारा. माझं माप बारा घरांतून आलंय. त्यांचं कुठून येतंय ते बघू.

रफिकभाई पट्ट्याची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बघून आले. मंग सुपरवायझरला म्हणाले, माप द्या. तो म्हणाला, कुठेही घ्या हो, गुडघ्याएवढं. रफिकभाई म्हणाले, कुणाच्या गुडघ्याएवढं, रस्ता उतरता आहे, वरच्या टोकाला गुडघा वेगळा, खालच्या टोकाला वेगळा. तो म्हणाला, अंदाजे मारा. आन् रफिकभाईंनी असं शांतपणे, अगदी आमच्या मालकांच्या आवाजात, म्हणलं, अंदाजानं मी माझ्या घरातली पण रेघ मारत नाही. ही पाण्याची रेघ आहे असं भाभी म्हणतात. तुम्ही म्हणता चुकीची आहे. चालेल. बरोबर कुठली ते लिहून द्या, पाणी इथपर्यंतच येतं म्हणून, खाली सही करा, मी पाच मिनिटांत मारतो. सुपरवायझरनं फोन लावला. साहेबांनी दुसऱ्याला लावायला सांगितलं. त्यानं तिसऱ्याला. दुपारचे दोन वाजले, गड्यांनी डबे सोडले, गोदूमावशीनं सगळ्यांना ताक दिलं, सुपरवायझरला पण दिलं. सही करायला कुणी आलं नाय. पाणी कुठपर्यंत येतं हे लिहून सही करायची हिंमत कुणात असणार, उद्या त्याच्या वर आलं तर. आन् सगळंच पांढरं करून टाकावं तर साहेबांचा हसरा फोटो त्याच भिंतीपुढं त्यांच्याच बोर्डावर लागलेला. चार वाजता रफिकभाईंनी रंगाचे डबे उचलले. त्यांना बी त्या ठेकेदारानं परत बोलावलं नाय. मला अजून त्याचं वाईट वाटतं, पण ते म्हणतात भाभी, तुम्ही कशाला, ते माप माझ्या उस्तादाच्या हाताचं होतं.

मागच्या पावसाळ्यात पाणी आलं. सकाळी सोडलं, दहाला मातकटाला लागलं. पुलावर माणसं उभी होती, तिथून सुनंदाच्या पोरानं फोन केला, काकी मातकटाला लागलं, आन् आम्ही पिशव्या काढून निघालो, कुणाची वाट बघितली नाय. बारा वाजता हिरव्याला लागलं, जांभळ्याला आलं नाय. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला माणूस आला, नवा होता, त्यानं इचारलं कुठपर्यंत आलं. गोदूमावशीनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणाली, तिला इचारा, तिची भिंत हाय. मी पुढं होऊन बोट ठेवलं. तेव्हापासून नळावर माझा नंबर माझ्या जागेवर असतो.

आता ऐकते की भिंतच पाडणार. तिथं जाळी लावणार, फ्लॅटमधनं नदी दिसायला पायजे म्हणून. तुम्ही त्यासाठीच आलाय ना लिहून घ्यायला, की भिंत गेली तर निदान कागदावर राहील. लिहा. तुमचं काम तुम्ही करा. मी माझं करून ठेवलंय.

ती समोरची बिल्डिंग हाय ना, ती पूर्ण झाली. खालच्या पार्किंगच्या खांबांना काळे-पिवळे पट्टे मारायचं काम दुसऱ्याच एका ठेकेदाराकडून रफिकभाईंना मिळालं. त्यांना एक माणूस कमी होता. मी तोंडाला फडकं बांधून गेले. रंगकाम करणाऱ्या बाईच्या तोंडाकडं कोण बघतंय, साहेब स्वतः माझ्या बाजूनं चालत गेले आन् म्हणाले, जरा सरकता का. सरकले. आदल्या दिवशी दुपारी मी आन् मितालीनं रस्त्याच्या ह्या बाजूपासून त्या बाजूला पाईप टाकली होती, माणसं म्हणाली काय मोजताय, आम्ही म्हणलं ड्रेनेज. पार्किंग रस्त्याच्या खाली हाय, बरंच खाली, भिंतीवरच्या पिवळ्याची उंची तिथं थेट छताला लागते. तिथल्या वॉचमननं मला इचारलं, मावशी, बाकी सगळ्या बिल्डिंगीत खांबाचे पट्टे कमरेएवढे असतात, इथं छतापर्यंत कशाला नेलेत. गाडीची धडक काय छताला बसते का. तो आपल्यातलाच, विदर्भाकडचा पोरगा, खालीच खोलीत बायको-लेकरू घेऊन राहतो. त्याला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं त्याच दिवशी त्याच्या कागदांच्या पिशवीचा खिळा उपटला आन् बिऱ्हाड वरच्या मजल्यावरच्या स्टोअररूममध्ये हलवलं, मॅनेजरशी भांडून. चाळीस खांब हाईत. ते पाडून दाखवा म्हणावं, वर चौदा मजले उभे हाईत त्यांच्यावर.

फ्लॅटवाल्यांवर माझा काय राग नाय ताई. त्यांनी आयुष्याची कमाई घातलीय. सुखात राहोत, त्यांची पोरंबाळं त्या पार्किंगमधे सायकली शिकोत, खांबांना धरून लपाछपी खेळोत. फक्त पाऊस लागला आन् धरणातनं पाणी सोडल्याची बातमी आली, की गाड्या वर आणून लावा म्हणावं, रंगारी बाई सांगत होती.